प्रेस क्रमांक चारचा खुलासा

सोमवारी सकाळी सव्वादहाला कंपनीचा शिपाई सुलेखा खरातच्या दारात आला. पाकीट दिलं, वहीवर सही घेतली आणि मान वर न करता निघून गेला. एरवी हाच माणूस गेटवर भेटला की दोन मिनिटं गप्पा मारल्याशिवाय हलत नसे. सुलेखानं उभ्यानंच पाकीट फाडलं. आत एकच पान होतं.

‘दिनांक ३ नोव्हेंबरच्या खुलाशात आपण चूक मान्य करून माफी मागितली आहे. त्यामुळे वेगळ्या चौकशीची गरज उरत नाही. आपणास कामावरून बडतर्फ का करू नये, याचे लेखी उत्तर मंगळवार, दिनांक ११ रोजी दुपारी बारा वाजेपर्यंत समक्ष द्यावे. मुदतीत उत्तर न आल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.’

तिनं ते तीनदा वाचलं. ‘चूक मान्य करून’ या शब्दांपाशी प्रत्येक वेळी थांबली. तिनं चूक कधी मान्य केली होती?

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात ती सात वर्षं कंत्राटावर होती. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथं प्रेसवर दाबून काढतात. जुलैत ती कायम झाली आणि त्याच महिन्यात लाईन लीडर. चार प्रेस आणि नऊ बाया तिच्या हाताखाली होत्या. आता बडतर्फीचा कागद निघाला, तर एमआयडीसीतल्या दुसऱ्या कुठल्या गेटवर तिला कोणी उभंही करणार नव्हतं. जिच्यामुळं एका बाईची दोन बोटं गेली असं खुद्द कंपनीनंच लिहून ठेवलंय, तिला काम कोण देईल?

तिनं नवऱ्याला फोन लावला. फकिरा पुण्यात एका गोदामात होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं ट्रक रिकामा होण्याचा आवाज येत होता.

“आण्णांकडं जा,” तो म्हणाला. “लिहायचं काम त्यांचं हाय.”

लिहायचं काम आण्णांचंच होतं. पहिला खुलासाही त्यांनीच लिहिला होता.

सुलेखाचे वडील पुंजाराम निकाळजे पस्तीस वर्षं कलेक्टर ऑफिसच्या बाहेर अर्ज लिहीत आले होते. लिंबाच्या झाडाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, वर मेणकापड. हातानं लिहायचे, आणि ज्याला टाईप हवं त्याला शेजारच्या डीटीपीवाल्याकडं पाठवायचे. रेशन कार्ड, पाण्याचा नळ, निराधारांचा पगार, शाळेचा दाखला: त्यांच्या अर्जांनी कितीतरी घरांची कामं झाली होती. दिल्ली गेटपासून उस्मानपुऱ्यापर्यंत लोक त्यांना मुन्शी म्हणत. सुलेखाला लहानपणी या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा.

ती पोहोचली तेव्हा टेबलासमोर हिरव्या शालीतली एक म्हातारी बसली होती आणि आण्णांशी वाद घालत होती.

“चाचा, एक बार और गरीब डालो ना.”

“अम्मा, पहलेच तीन बार डाला है.”

“तीन बार से क्या होता? बाजूवाली के अर्जी में पाच बार था. उसका हो गया.”

“उसका काम गरीब से नै हुआ अम्मा, उसके पास कागद थे.”

म्हातारी ऐकेना. शेवटी आण्णांनी चौथ्यांदा ‘गरीब’ लिहिलं आणि तिला वाटेला लावलं. मग सुलेखाकडं पाहिलं, आणि काही न विचारता कागदासाठी हात पुढं केला.

त्यांनी नोटीस वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचली.

“माफी मागितली म्हणजे कबुली कशी झाली?” ते म्हणाले. “माफी तर हरेक अर्जात असती. शेवटाला माफी, विनंती आणि सही. रामराम घालावा, जय भीम म्हणावं, तसंच आहे ते. ती कुणी वाचतं का?”

“ह्यांनी वाचली.”

पहिल्या खुलाशाची प्रत त्यांच्या फायलीत होती. सुलेखानं ती काढून टेबलावर ठेवली. आठवडाभरापूर्वी सही करताना तिला हा कागद किती देखणा वाटला होता. आता ती तो मोठ्यानं वाचू लागली.

“मायबाप साहेबांचे सेवेशी, मी एक गरीब व अल्पशिक्षित महिला असून, सदर दुर्दैवी प्रकाराबद्दल अंतःकरणापासून दिलगीर आहे. झालेल्या चुकीची उदार मनाने क्षमा करून मला पदरात घ्यावे. पुन्हा अशी चूक होणार नाही याची हमी देते.” तिनं कागद खाली ठेवला. “आण्णा, मी बारावी झालेय. अल्पशिक्षित कुठनं आलं? आणि कसली चूक, ते ह्यात कुठंय?”

“नरम लिहावं लागतं, बाई. साहेब लोकांना…”

“तुम्ही माझी नोकरी घालवली.”

ती हळूच म्हणाली होती, तरी शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टचा हात थांबला. आण्णांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. मग कोरा कागद पुढं ओढला आणि वर लिहिलं: ‘मा. व्यवस्थापक साहेबांचे सेवेशी, सविनय सादर करण्यात येते की’.

सुलेखानं तो कागद त्यांच्या हाताखालून काढून घेतला.

“परत तेच?”

“मला दुसरं येत नाय, सुले,” आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज असा तिनं कधी ऐकला नव्हता. “पस्तीस वर्षं हेच लिहिलं. ह्याच्यानंच तुला शिकवलं.”

दुपारचे साडेबारा वाजले होते. हातात साडेतेवीस तास होते आणि कागदावर एक अक्षर नव्हतं. सुलेखाच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, आणि भूकही नव्हती. तिनं पिशवीतून तीस ऑक्टोबरचं आरोपपत्र काढलं. ते आलं तेव्हा तिनं भीतीनं अर्धवटच वाचलं होतं. आता पहिल्यांदा सावकाश वाचलं.

‘एक. दिनांक २७ ऑक्टोबर रोजी सकाळी प्रेस क्रमांक ४ च्या सुरक्षा-दाराचा, दार उघडताच प्रेस थांबवणारा स्विच आपण तार बांधून निकामी केला. दोन. स्विच नादुरुस्त असल्याचे आपण वरिष्ठांना कळवले नाही. तीन. त्यामुळे १०.५० वाजता श्रीमती सत्यभामा यांच्या उजव्या हाताची दोन बोटे निकामी झाली.’

“आण्णा, हे बघा,” ती म्हणाली. “ह्यांनी कसं लिहिलंय. तारीख, वेळ, मशीन, कुणी काय केलं. तीन गोष्टी. त्यातली एक सरळ खोटी आहे, आणि आपण तिन्हींची एकदमच माफी मागून बसलो.”

“कोणती खोटी?”

“दुसरी. मी कळवलं होतं. तीनदा.”

आण्णांनी भुवया वर केल्या. “कशावरून?”

“म्हणजे? मी सांगते ना तुम्हाला.”

“मला सांगून काय करायलीस? मी साहेब हाय असं समज. कशावरून?”

त्यांचे असे हजारो अर्ज परत आले होते. कोपऱ्यात लाल शाईत एकच शेरा असायचा: पुरावा जोडा. लिहायची पद्धत त्यांनी कधी बदलली नव्हती, पण तो शेरा त्यांना पाठ होता.

सुलेखानं मोबाईल काढला. ‘लाईन ३’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. लाईनवरच्या सगळ्या बाया, मेंटेनन्सची दोन पोरं, वरचे दोन साहेब आणि सुपरवायझर आकाश, असे चौदा जण त्यात होते. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. त्यानंतर तिनं तो उघडलाच नव्हता. उघडायची लाज वाटत होती. आता उघडला, तर जुने निरोप जसेच्या तसे होते.

शुक्रवार, चोवीस तारीख, दुपारी दोन चाळीस. तुटक्या स्विचचा फोटो आणि खाली तिचंच वाक्य: ‘प्रेस ४ च्या दाराचा स्विच गेलाय. मशीन मधेच थांबते.’ आकाशचं उत्तर: ‘माणूस पाठवतो.’

शनिवार, सकाळी सव्वानऊ. ‘सर, अजून कोणी आलं नाही.’ आकाश: ‘सोमवारी नक्की.’

सोमवार, सत्तावीस तारीख, सकाळी सात वीस. ‘स्विच तसाच आहे. सहा वेळा बंद पडली.’ आकाश: ‘दोन वाजता गाडी लागणार. माल गेलाच पाहिजे. आज तार बांधून चालवा, उद्या बदलू.’

आणि सात चोवीसला तिचं: ‘ठीक आहे सर. बांधली.’

आण्णांनी फोन दूर धरून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही कापून टाक.”

“काय?”

“फोटो काढतानी शेवटची ओळ खाली राहू दे. साहेबानं सांगितलं इथपर्यंत आलं की पुरे. तू बांधलीस हे तुझ्याच हातानं कशाला द्यायचं?”

ही गोष्ट सुलेखाच्या मनात आण्णांच्या आधी येऊन गेली होती. पडद्यावर बोट जरा खाली ओढलं की काम झालं. चार शब्द.

“ग्रुपमधे चौदा माणसं हायेत,” ती शेवटी म्हणाली. “उद्या कुणीतरी पुढची ओळ दाखवली, तर मग आधीच्या तिन्ही खऱ्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवील?”

आण्णांनी थोडा विचार केला. “व्हय,” ते म्हणाले. “खाडाखोड दिसली की पूर्ण अर्ज बाजूला टाकतात. मी बघितलंय.” आणि त्यांनी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढं सरकवलं. “तूच लिही. मी विचारतो.”

त्या दुपारी त्यांनी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. सुलेखा एक वाक्य लिहायची, आण्णा विचारायचे: कधी? कुणी? कशावरून? ज्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं ते वाक्य खोडायचं. ‘मी नेहमीच प्रामाणिकपणे काम केले आहे’ हे तिनं मोठ्या उत्साहानं लिहिलं होतं. आण्णा म्हणाले, “असं सगळेच लिहितात. चोरसुद्धा.” ते गेलं. ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ हेही गेलं. एकदा ‘मायबाप’ हा शब्द तिच्याच हातून उमटला. आण्णांनी स्वतः तो खोडला.

खरी अडचण नावाची होती.

“‘वरिष्ठांच्या सूचनेनुसार’ लिहू का?” तिनं विचारलं.

“वरिष्ठ किती हायेत तुमच्यात?”

“पाच-सहा.”

“मग साहेब विचारणारच, कोणता.”

आकाश अठ्ठावीस वर्षांचा होता, डिप्लोमा झालेला, पैठणकडचा. तिला कायम करताना शिफारस त्यानंच केली होती. लाईनवर तिला ताई म्हणणारा तो एकटाच साहेब. सुलेखानं त्याचं नाव लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं.

सहा वाजता ती उस्मानपुऱ्यात आण्णांच्या घरी जिना चढत होती, तेव्हा त्याचाच फोन आला.

“ताई, नोटीस आली म्हणे. टेन्शन घेऊ नका. मी एक उत्तर बनवलंय. एकदम कडक इंग्लिशमधे. पाठवतो, फक्त सही करा.”

“काय लिहिलंय त्यात?”

“हेच की, मशीन जुनी होती, कामाचा ताण होता, कुणाचीच वैयक्तिक चूक नाही. साहेब लोक वाचून गार होतील.”

“सर, स्विचचं मी तीनदा कळवलं होतं, हे आहे का त्यात?”

पलीकडचा आवाज बदलला. “ताई, डिसेंबरात लग्न आहे माझं. पत्रिका छापून आल्यात. माझं नाव कशाला ओढता? तुम्ही सांभाळून घ्या, पुढं मी बघतो ना तुमचं. दुसरीकडं लावून देतो.”

“ग्रुपमधून मला कुणी काढलं, सर?”

फोन कट झाला. सुलेखा जिन्यात तशीच उभी राहिली. राग यायला हवा होता, पण तिला त्याच्या हातातल्या छापून आलेल्या पत्रिकाच दिसत राहिल्या. वर गेली, खुलाशातलं त्याचं नाव पुन्हा एकदा बघितलं, आणि तसंच राहू दिलं. साडेसातला घराजवळच्या एका डीटीपीवाल्यानं दुकान बंद करायच्या आधी मजकूर टाईप करून दिला. एक पान, आठ वाक्यं, आणि ग्रुपमधल्या निरोपांच्या दोन छापील प्रती. अखेरीस मागणी: बडतर्फी करण्यापूर्वी चौकशी करावी आणि मला त्यात बोलू द्यावे.

मंगळवारी सकाळी ती नऊ वाजता निघाली. बसमधून जाताना चिकलठाणा मागं पडलं, केंब्रिज चौक गेला. कंपनीचं गेट यायच्या आधी ती शेंद्रा गावात उतरली. सत्यभामाबाईंचं घर तिथंच होतं. अपघातानंतर ती एकदाही तिकडं गेली नव्हती. पहिले दोन दिवस दवाखान्यात भेटू दिलं नाही, आणि नंतर तिची हिंमत झाली नाही. आज मात्र त्या बाईला आधी सांगितल्याशिवाय हा कागद गेटच्या आत नेणं तिला जमणार नव्हतं.

सत्यभामाबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत होता, आणि मांडीवर लसणाची परडी होती. डाव्या हाताच्या नखानं त्या एकेक पाकळी सोलत होत्या. त्यांची सून रत्नमाला भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं.

“आली का लीडरबाई? आता काय राह्यलं? लिहून तर दिलंस की सगळं. गावात सगळ्यांना ठाव हाय.”

“ते मी लिहिलं नव्हतं, वहिनी. म्हणजे, सही माझीच होती. पण तसं झालं नव्हतं.”

“सही तुझी, आन् म्हनं मी नाय लिव्हलं!” रत्नमालानं पातेलं आपटलं.

“तिला बसू दे,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “काय आणलंस?”

सुलेखा जमिनीवर बसली. “काकू, आज बाराला हे द्यायचंय. नाय दिलं तर मला काढतात. द्यायच्या आधी तुम्ही ऐका.”

ती वाचू लागली. शुक्रवार, शनिवार, सोमवार. आकाशचं नाव आलं तेव्हा रत्नमालाचा घासायचा आवाज थांबला. “त्यो? त्यो तर फळं घेऊन आला व्हता बघायला,” ती म्हणाली. सुलेखा वाचत राहिली. “सकाळी सात चोवीस वाजता स्विचला तार मी बांधली.”

“थांब,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “कुणी बांधली?”

“मी.”

त्यांनी हातातली पाकळी परडीत टाकली. “मला वाटलं व्हतं मेंटेनन्सच्या पोरांनी बांधली आसन.” जराशानं म्हणाल्या, “म्हंजी म्या हात घातला, तवा तुला ठाव व्हतं? दार उघडं आसलं तरी प्रेस पडती, हे?”

“व्हय.”

“मग मला का नाय सांगितलंस?”

हा प्रश्न आण्णांनी विचारला नव्हता. आरोपपत्रातही नव्हता. पंधरा दिवसांत कोणीच विचारला नव्हता, आणि सुलेखाला तो रोज पडत होता.

“गाडी दोनला लागणार होती,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हात राखून काम केलं असतं. माल कमी पडला असता. मला वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

“हे लिव्हलंय का त्याच्यात?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“नाय.”

“मग मला वाचून कशापायी दाखवायलीस?”

रडू आवरायला सुलेखानं दात घट्ट दाबून धरले. इथं रडणंही तिला माफी मागण्यासारखंच वाटलं असतं. पर्समधून पेन काढलं. कागद मांडीवर धरून, आठव्या वाक्याखाली जी मोकळी जागा होती तिथं तिनं हातानं लिहिलं: ‘दार उघडे असतानाही प्रेस चालू राहील, हे मला माहीत होते. हे मी सत्यभामाबाईंना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी हात आत घातला नसता.’ लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

सत्यभामाबाईंनी ऐकलं. “आता खरं हाय,” एवढंच म्हणाल्या, आणि परडी पुढं ओढली.

“काकू, मी…”

“जा. बारा वाजतील.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी सुलेखा मनुष्यबळ विभागात मोनिका मॅडमसमोर उभी होती. मॅडम तिच्याच वयाच्या, बोलायला शांत, नोटिशीवर सही त्यांचीच. त्यांनी आधी खुर्ची दाखवली, मग कागद घेतला. पहिल्या खुलाशासारखाच काहीतरी येणार असं धरूनच त्यांनी वाचायला सुरुवात केली असावी, कारण तिसऱ्या वाक्यापाशी त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. मग निरोपांच्या प्रती उलटल्या. मग परत पहिलं पान.

“हे निरोप पहिल्या खुलाशात का नाही दिले?”

“तेव्हा मी फक्त माफी मागितली, मॅडम. कशाबद्दल ते लिहिलंच नाही.”

मॅडमनी खालच्या हस्ताक्षरावर नजर टाकली.

“हे शेवटचं तुमच्याविरुद्ध जातं, कळतंय ना तुम्हाला? आरोपपत्रात हे कुठंच नाही. आमच्याकडं हे सिद्ध करायला काही नाही.” त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. “अजून पाऊण तास आहे. बाहेर प्रिंटर आहे. तेवढी तीन वाक्यं सोडून नवीन प्रत काढा, मी घेईन.”

त्या हे चांगल्या मनानं म्हणत होत्या, हे सुलेखाला दिसत होतं. प्रिंटर दाराशेजारीच होता. त्याचा हिरवा दिवा चालू होता. तिची मुलगी पाचवीत होती, घराचं भाडं तिच्याच पगारातून जात होतं, आणि फकिराला ती अजून काय सांगणार होती तेही ठरलं नव्हतं. ती खुर्चीवरून अर्धी उठली. दोन पावलं टाकली असती तरी भागलं असतं.

ती परत बसली.

“राहू द्या मॅडम. ज्यांचा हात गेलाय त्यांनी ऐकलंय हे. आता ते कमी करता यायचं नाही.”

मोनिका मॅडमनी प्रतीवर शिक्का मारला, वेळ घातली आणि सही करून तिच्याकडं दिली. ती निघताना म्हणाल्या, “आज बडतर्फी निघत नाही. चौकशी लावावी लागेल. काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

चौकशी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस चालली. आकाशला बोलावलं तेव्हा त्यानं ग्रुपमधला निरोप आपलाच असल्याचं नाकारलं नाही. नाकारता आलंही नसतं. चौदातल्या सहा बायांनी आपापले फोन पुढं केले. दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई आल्या, सुनेचा हात धरून. त्यांना विचारलं ते त्यांनी सांगितलं: स्विच तुटल्याचं सुलेखा रोज बोलत होती, हे खरं. तार तिनं बांधली, हेही खरं. आणि मला सांगितलं नाही, हेही. कोणाच्या बाजूनं आहात असं चौकशी अधिकाऱ्यानं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “माज्या हाताच्या.”

डिसेंबरच्या दहा तारखेला निकालाचं पत्र आलं. दुसरा आरोप सिद्ध झाला नाही. पहिला आणि तिसरा काही अंशी. बडतर्फी नाही. लाईन लीडरपद काढून घेतलं, पंधरा दिवस बिनपगारी, आणि मग साधी ऑपरेटर म्हणून हजर व्हायचं. आकाशची बदली दुसऱ्या प्लँटला झाली. चारही प्रेसचे स्विच नवीन बसवले गेले.

सुलेखानं पत्र आण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “राहिली ना नोकरी. बस झालं.” मग त्यांनी विचारलं, “ती तीन वाक्यं नसती, तर लीडर राहिली असतीस का?”

“बहुतेक राहिले असते.”

ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

सत्यभामाबाईंना जानेवारीपासून पॅकिंगला बसवलं. बसून काम, हलकं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. सुलेखाची जागा आता प्रेस क्रमांक दोनवर आहे, तिथून पॅकिंगचं टेबल सरळ समोर दिसतं. पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन तिकडं गेली. सत्यभामाबाईंच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं आणि एका हातानं ते निघत नव्हतं. सुलेखानं हात पुढं केला.

“नको,” त्या म्हणाल्या, रागानं नाही. डबा उचलून त्यांनी पलीकडं बसलेल्या पॅकिंगमधल्या सायलीपुढं धरला. सायलीनं तो उघडून दिला. मग तिघी जेवल्या.